वासाचें कुंपण : कुत्रीं-मांजरें पळविणाऱ्या झाडाचा विचार

कांद्याचें तरू टाकून आठ-दहा दिवस झालेले असावेत, बियांच्या हिरव्या सुया नुकत्याच मातीबाहेर आलेल्या असाव्यात, आणि सकाळीं पाणी द्यावयास जावें तों वाफ्याच्या मधोमध कुत्र्यानें लोळून हातभर रुंदीचा खळगा केलेला दिसावा. शेजारच्या वाफ्यांत मांजरानें माती उकरून आपला विधि उरकलेला असावा. हा प्रसंग ज्याच्यावर कधींच आला नाहीं असा बागाईतदार विरळा. नुकसान डोळ्यांस लहान दिसतें. परंतु एक हेक्टर कांद्यासाठीं ८ ते १० किलो बी लागतें आणि तें सर्व थोड्याशा गुंठ्यांत दाटीनें टाकलेलें असतें. म्हणून तरवाच्या वाफ्यांतील एक हात जागा म्हणजे पुढच्या लागवडींतील कितीतरी मोठी जागा होय. शिवाय गेलेलें तरू पुन्हां टाकावयाचें म्हटलें तर लागवड तितके दिवस मागें पडते, आणि हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं. अशा स्थितींत कोणी सांगितलें कीं, "बांधावर अमुक एक झाड लावा, त्याच्या वासानें कुत्रीं-मांजरें वाफ्याकडे फिरकणार नाहींत," तर शेतकऱ्याचे कान टवकारले जावेत हें स्वाभाविक आहे.

अशा प्रकारचें झाड खरोखरच विकलें जातें. जर्मनी, इंग्लंड वगैरे देशांतील रोपवाटिकांतून चालू शतकाच्या आरंभापासून एक उग्र वासाचें लहानसें झाड याच एका गुणासाठीं खपत आहे. इंग्लंडांत त्यास 'स्केअर्डी कॅट', म्हणजे 'भेदरट मांजर', असें व्यापारी नांव आहे. जर्मनींतील नांव याहून रोखठोक आहे. त्याचा अर्थ 'येथून चालतें हो' असा असून, तो ज्या शब्दांत सांगितला आहे ते शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याजोगे नाहींत. परदेशीं असलेल्या आप्तांकडून या झाडाची कीर्ति आमच्या एखाद्या वाचकाच्या कानीं आली असेल, आणि तें येथें आणून लावावें काय, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला असेल. या प्रश्नास 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दाचें उत्तर देण्यापेक्षां, झाड काय आहे, त्याचा वास कसा उत्पन्न होतो, आणि त्या वासाकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरतां येईल, याचा क्रमानें विचार करणें आम्हांस बरें वाटतें. कारण हाच विचार पुढें कोणत्याही 'पळवून लावणाऱ्या' वनस्पतीस लावतां येईल.

झाडाची ओळख

या झाडाचें शास्त्रीय नांव कोलिअस कॅनिनस असें आहे. जुन्या पुस्तकांतून तें प्लेक्ट्रँथस कॅनिनस या नांवानेंही आढळतें. २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं या दोन प्रजातींची फेरमांडणी केली, तेव्हांपासून कोलिअस हें नांव पुन्हां पुढें आलें आहे. झाड तुळशीच्या कुळांतील आहे. तुळस, सब्जा, मरवा, पाच, पुदिना हीं जीं झाडें आपण परसांत लावतों, त्यांच्याच भाऊबंदांपैकीं हें एक. चौकोनी खोड, समोरासमोर येणारीं पानें, आणि तुऱ्यांत लागणारीं ओंठाच्या आकाराचीं फुलें हीं त्या कुळाचीं लक्षणें यांतही स्पष्ट दिसतात. पानें जाड, रसाळ व लवदार असतात. झाड फार उंच वाढत नाहीं. हात-दीड हात होऊन आडवें पसरतें. फुलें निळसर जांभळ्या रंगाचीं असून दाट कणसासारख्या तुऱ्यांत येतात, आणि दिसावयास तीं खचित सुंदर असतात.

झाड काटक आहे. त्यास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. पाण्याची ओढ तें सोसतें, पण मुळांशीं पाणी सांचल्यास सडतें. कडाक्याची थंडी पडून हिम पडलें कीं तें मरतें. यामुळें युरोपांत ज्यास तें हवें असेल त्यानें एक तर हिंवाळ्यांत कुंडी घरांत घ्यावी, नाहीं तर वसंतांत नवें रोप विकत घ्यावें. आणि रोपवाटिकांचा धंदा दरसाल चालू राहण्यास हेंही एक कारण झालें आहे. वास्तविक फाटे लावून याची वाढ करणें अगदीं सोपें आहे. बोटभर लांबीचा शेंडा कापून, खालचीं पानें काढून, ओलसर वाळूमिश्रित मातींत खोंचला कीं थोड्याच दिवसांत मुळ्या फुटतात. एका रोपापासून वर्षाच्या आंत सबंध बांध भरून काढतां येईल. म्हणून कोणीं अशा झाडाचीं शंभर रोपें एकदम विकत देऊं केल्यास, एकच घेऊन बाकीचीं घरीं करावींत, हा साधा हिशेब वाचकांनीं प्रथम ध्यानांत ठेवावा.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट अशी कीं, बाजारांत या नांवाखालीं नेहमीं एकच जात मिळते असें नाहीं. याच्याशीं बरेंच साम्य असलेली, पूर्व आफ्रिकेकडील कोलिअस कोमोसस ही जात तिकडे त्याच व्यापारी नांवानें विकली जाते. ज्या झाडाचा गुण वासावर अवलंबून आहे, त्याची जातच निश्चित नसेल, तर एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगीं कसा पडावा? पुष्कळ परस्परविरुद्ध अनुभवांचा उगम या घोटाळ्यांत असणें संभवनीय आहे.

नांवांतील कुत्रा

'कॅनिनस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कुत्र्याचा' असा आहे. हें पाहून कित्येकांस वाटतें कीं, झाड कुत्र्यांस पळवितें हें शास्त्रज्ञांसही पूर्वींपासून ठाऊक होतें. ही समजूत बरोबर नाहीं. हें नांव आल्ब्रेख्त विल्हेल्म रोट या जर्मन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें. त्या ग्रंथाचा विषयच मुळीं हिंदुस्थानांतील नव्या वनस्पति हा होता, आणि त्यांतील वर्णनें बहुतांशीं दक्षिण हिंदुस्थानांत बेंजामिन हाइने यानें जमवून धाडलेल्या वाळलेल्या नमुन्यांवरून केलेलीं होतीं. कुंडींतून बाजारांत येण्याच्या पाऊणेदोनशें वर्षें आधीं दिलेलें हें नांव आहे. आजच्या विक्रीशीं त्याचा संबंध नाहीं. शिवाय वनस्पतींच्या नांवांत कुत्रा अनेक ठिकाणीं येतो. युरोपांतील रानगुलाबास 'रोझा कॅनिना' म्हणतात. म्हणून तो कोणत्याही कुत्र्यास पळवीत नाहीं. नांव हा पुरावा नव्हे.

यांत आपल्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगें इतकेंच कीं, परदेशांत नवलाईचा म्हणून खपणारा हा माल मुळांत आपल्याला परका नाहीं. ही जात दक्षिण भारत व पूर्व आफ्रिका यांत आपोआप वाढते. तिचे निकटचे आप्त तर आपल्या स्वयंपाकघरांत आहेत. ज्याच्या जाड पानांचीं भजीं आपण करतों, तो पानओवा म्हणजे कोलिअस अँबॉइनिकस. ज्याच्या मुळांचें लोणचें गुजराथेंत गरमर म्हणून घालतात, तें मैनमूळ म्हणजे कोलिअस बार्बेटस. केरळांत ज्याचे लहान कंद भाजीसाठीं पिकवितात, तो कूर्काही याच प्रजातींतील. म्हणजे एकाच घराण्यांत कोणी खाण्याचा, कोणी औषधाचा, आणि कोणी नाकाला रुमाल लावावयास लावणारा, असे निरनिराळे स्वभाव आहेत.

वास कोठून येतो

तुळशीच्या कुळांतील पान भिंगाखालीं पाहिलें तर त्यावर बारीक केंस दिसतात. त्यांपैकीं कांहीं केंस साधे असतात, आणि कांहींच्या टोंकाशीं सूक्ष्म ग्रंथि असते. या ग्रंथींत झाड आपलें उडणारें तेल सांठवितें. ग्रंथि शाबूत आहे तोंवर तेल बहुतेक आंतच राहतें. पान चुरगळलें, त्यावर पाय पडला किंवा ऊन फार तापलें कीं तें बाहेर पडून हवेंत मिसळतें. तुळशीचें पान हातांत चोळल्याशिवाय वास भरून येत नाहीं, हा रोजचा अनुभव याच कारणाचा आहे. प्रस्तुत झाडाचेंही तसेंच आहे. दोन हातांवरून चालत गेल्यास माणसास फारसें कांहीं कळत नाहीं; पण पानास धक्का लागला, कीं कुत्र्याच्या किंवा बोक्याच्या मुताची आठवण करून देणारी दुर्गंधि येते, आणि ती हातांस बराच वेळ चिकटून राहते. म्हणून हीं झाडें हाताळतांना व छाटतांना हातमोजे घालण्याचा सल्ला तिकडे देतात.

विक्रेते म्हणतात कीं, माणसास जें कळत नाहीं तें कुत्र्यास कळतें, कारण त्याचें नाक आपल्यापेक्षां कितीतरी पटींनीं तीक्ष्ण असतें. यांतील दुसरें विधान निर्विवाद खरें आहे. परंतु वास कळणें आणि वासाला भिणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सर्व प्रश्नाचें मर्म येथेंच आहे.

झाडें असलीं तेलें कशासाठीं करतात, याचा विचार केला तर उलगडा होतो. झाडाचे खरे शत्रु म्हणजे पान कुरतडणारे किडे आणि पाला खाणारीं जनावरें. तेल त्यांच्यासाठीं आहे. याच कुळांतील कॅटनिप नांवाच्या युरोपीय झाडाचें उदाहरण बोधप्रद आहे. त्यांतील नेपेटालॅक्टोन या द्रव्यापासून अनेक किडे दूर सरतात, हें टॉमस आयस्नर या शास्त्रज्ञानें १९६४ सालीं प्रयोगानें दाखविलें. परंतु त्याच द्रव्याच्या वासानें मांजरें मात्र अक्षरशः वेडीं होतात. त्या झाडावर लोळतात, तोंड घांसतात, लाळ गाळतात. तींही सर्व मांजरें नव्हेत. सुमारें दोन तृतीयांश मांजरांवर हा परिणाम होतो, बाकीचीं उदासीन असतात, आणि हा स्वभाव आनुवंशिक आहे. जपानांतील इवाते विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२१ सालीं असें दाखविलें कीं, तशाच प्रकारचें द्रव्य असलेल्या तिकडील एका वेलीच्या पानांवर लोळलेल्या मांजरांच्या अंगावर डास कमी बसतात. एकच वास किड्यास नकोसा, मांजरास हवासा, आणि माणसास जेमतेम जाणवणारा! यावरून, माणसाच्या नाकास जें घाण वाटतें तें जनावरासही घाण वाटलेंच पाहिजे, असें गृहीत धरणें किती धोक्याचें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां कुत्र्याच्या बाबतींत तर हा दावा अधिकच विचार करण्याजोगा आहे. झाडाचा वास कुत्र्याच्या मुतासारखा आहे म्हणून कुत्रा दूर राहतो, असें म्हणणें म्हणजे कुत्र्याचा स्वभाव न पाहतां बोलणें होय. दुसऱ्या कुत्र्यानें जेथें पाय वर केला असेल, तेथें आलेला कुत्रा पळून न जातां थांबतो, हुंगतो, आणि बहुधा त्याच जागीं स्वतःचीही खूण ठेवून जातो. गांवांतील विजेचा कोणताही खांब याची साक्ष देईल. त्याशिवाय प्राण्यांच्या मूत्रांतील खूण ही केवळ दुर्गंधि नसते. मांजराच्या मूत्रांत फेलिनिन नांवाचें विशिष्ट द्रव्य असतें, त्यापासून तो उग्र दर्प उत्पन्न होतो, आणि बोक्यांत त्याचें प्रमाण अधिक असतें. त्या वासावरून मांजरास दुसऱ्या मांजराची ओळख पटते. झाडाचें तेल माणसाच्या नाकास त्यासारखें भासलें, म्हणून मांजर त्यास दुसऱ्या बोक्याची हद्द समजेल, असें होत नाहीं.

घाणेरीचा धडा

या विषयांत आपल्या शेतकऱ्यांस परदेशाकडे पाहण्याचें कारणच नाहीं. आपल्याच माळरानावर याहून मोठा धडा पसरलेला आहे. घाणेरी ही वनस्पति आपल्या देशांतील नव्हे. अमेरिकेकडील हें फुलझाड गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत शोभेसाठीं म्हणून येथें बागांतून आणलें गेलें. पानास उग्र वास, खोडास बारीक कांटे, आणि गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. तेव्हां कुंपणास यापरतें झाड कोणतें, असें पुष्कळांस वाटलें. पुढें पांखरांनीं तिचीं फळें खाऊन बी दूरवर नेलें, आणि आज तिनें कुरणें व डोंगरउतार किती व्यापले आहेत, तें आम्ही सांगावयास नको. चारा दुर्मिळ झाल्यावर ज्या जनावरांनीं तिचा पाला खाल्ला, तीं तिच्यांतील विषानें आजारी पडतात. यकृत बिघडतें, आणि अंगावरील पांढरी कातडी उन्हानें भाजल्यासारखी सोलवटते.

परंतु येथें आमच्या प्रस्तुत मुद्द्यास धरून प्रश्न इतकाच आहे : घाणेरीच्या वासानें शेत राखलें गेलें काय? ज्याच्या बांधावर विरळ घाणेरी आहे, त्यानें उत्तर द्यावें. शेळी तिचें पान टाळते, पण दोन झुडुपांमधून खुशाल आंत येते आणि तूर खाऊन जाते. घाणेरी जेथें दाट माजून भिंतीसारखी झालेली असते तेथें जनावर अडतें खरें, पण तें तिच्या वासानें नव्हे, तर अंगानें अडतें. जें झाड जनावर खात नाहीं, तें झाड जनावरास अडवितेंच असें नाहीं. या दोन गोष्टींतील भेद आम्ही पुन्हां पुन्हां सांगूं इच्छितों, कारण वासावर विकल्या जाणाऱ्या मालाचा सगळा व्यापार हा भेद विसरण्यावर चालतो. वास हा झाडाच्या स्वतःच्या पानांचा राखणदार आहे. तो शेजारच्या वाफ्याचा राखणदार होईल ही आशा आपण धरतों, झाडानें तसें वचन दिलेलें नाहीं.

मग ज्या लोकांस या झाडाचा गुण आला असें ते म्हणतात, ते सारेच खोटें बोलतात काय? तसेंही नव्हे. एक तर नवा वास दिसला कीं जनावर कांहीं दिवस बिचकतें. सरावल्यावर तें त्याची पर्वा करीत नाहीं. शेतांत रानडुकरांसाठीं उग्र वासाच्या चिंध्या टांगणाऱ्यांस हा अनुभव ठाऊक आहे. पहिले आठ दिवस रान शांत, पुढें डुकरें चिंधीखालूनच जातात. दुसरें असें कीं, मांजरास विधीसाठीं मोकळी, भुसभुशीत व कोरडी माती लागते. वाफ्याच्या कडेस कोणतेंही पसरणारें झुडूप दाट लावलें कीं ती मोकळी जागाच नाहींशी होते, आणि मांजर दुसरीकडे जातें. गुण झुडुपाच्या पसाऱ्याचा असतो, श्रेय वासास मिळतें.

घरच्या घरीं परीक्षा

ज्यास या गोष्टीचा निकाल स्वतः लावून पाहावयाचा असेल, त्यास तो थोड्या खर्चांत लावतां येईल. ही पद्धति इतर कोणत्याही झाडास किंवा औषधासही उपयोगी असल्यामुळें आम्ही ती विस्तारानें देतों.

जेथें कुत्र्यामांजरांची ये-जा आहे अशा जागीं सारख्या मापाचे तीन वाफे करावेत. एक मीटर रुंद व दोन मीटर लांब पुरेत. तिन्ही वाफ्यांची माती सारखीच भुसभुशीत ठेवावी. पहिल्या वाफ्याच्या कडेनें उग्र वासाच्या झाडाच्या कुंड्या मांडाव्यात. दुसऱ्याच्या कडेनें तितक्याच आकाराच्या, पण पानास उग्र वास नसलेल्या झाडाच्या, उदाहरणार्थ सदाफुलीच्या, तितक्याच कुंड्या मांडाव्यात. तिसरा वाफा मोकळा ठेवावा. रोज संध्याकाळीं तिन्ही वाफ्यांवर बारीक चाळलेली माती पसरून ती हातानें सारखी करावी, आणि सकाळीं पावलांचे ठसे व उकरलेल्या जागा मोजून वहींत टिपून ठेवाव्यात. तीन आठवड्यांनीं कुंड्यांची अदलाबदल करावी, व आणखी तीन आठवड्यांनीं पुन्हां एकदां करावी. म्हणजे नऊ आठवड्यांत प्रत्येक प्रकार प्रत्येक जागीं येऊन जाईल, आणि 'ती जागाच मांजराच्या वाटेवरची नव्हती' ही शंका उरणार नाहीं. पाऊस पडलेल्या रात्रीची नोंद वेगळी करावी.

निकाल असा वाचावा. वासाच्या झाडाजवळ ठसे कमी, पण सदाफुलीजवळही तितकेच कमी, असें आढळलें, तर काम झुडुपाचें आहे, वासाचें नव्हे. वासाच्या झाडाजवळ सदाफुलीपेक्षां स्पष्टपणें कमी आढळले, आणि नवव्या आठवड्यांतही तो फरक टिकून राहिला, तर वासास गुण आहे असें मानावें. आरंभीं फरक दिसून पुढें नाहींसा झाला, तर जनावरें सरावलीं असें समजावें. तिन्ही वाफे सारखेच तुडविले गेले, तर कुंड्या अंगणांत फुलांसाठीं ठेवाव्यात. कोणताही निकाल आला तरी नऊ आठवड्यांची ही वही विक्रेत्याच्या छापील चिठ्ठीपेक्षां अधिक किंमतीची ठरेल.

तोंवर वाफ्याचें रक्षण

परीक्षा होईपर्यंत तरू मात्र उघडें टाकतां येणार नाहीं. त्यासाठीं सांगण्याजोगे उपाय जुनेच आहेत, पण ते खात्रीचे आहेत, कारण ते जनावराच्या नाकावर नव्हे तर त्याच्या गरजेवर आणि पायावर चालतात.

पहिली गोष्ट, वाफ्यांत जनावरास बोलावूं नये. हाडांचें चूर्ण किंवा मासळीचें खत तरवाच्या वाफ्यांत वरच्यावर पसरल्यास कुत्रा तें हुंगत येतो आणि उकरतो. असें खत घालावयाचेंच असल्यास तें आधींच मातींत खोल मिसळावें. घरचें उष्टें-खरकटें वाफ्यालगतच्या उकिरड्यावर टाकूं नये.

दुसरी गोष्ट, उकरण्याजोगी माती उघडी ठेवूं नये. बी टाकल्यापासून रोप बोटभर होईपर्यंत वाफ्यावर बाभळीच्या किंवा बोरीच्या वाळक्या फांट्या आडव्या-उभ्या पसराव्यात. कांट्यावर पाय ठेवून लोळणारा कुत्रा अजून जन्मावयाचा आहे. फांट्या मिळत नसतील तर चार खुंट्या रोवून वाफ्यापासून वीतभर उंचीवर जाळें ताणावें. मांजरास कोरडी माती आवडते, म्हणून माती ओलसर राहील अशा बेतानें हलकें पाणी वेळच्या वेळीं द्यावें. कुत्र्यास मात्र उन्हाळ्यांत हीच ओलसर थंड माती लोळावयास आवडते, म्हणून त्या दिवसांत नुसत्या ओलाव्यावर न विसंबतां फांट्या अवश्य घालाव्यात.

तिसरी गोष्ट, जनावराची गरज दुसरीकडे भागवावी. घराच्या मागें एका कोपऱ्यांत कोरड्या वाळूचा लहानसा ढीग ठेवला तर घरचें मांजर बहुधा तोच पसंत करतें. कुत्र्यास सावलींत एक ओली, उकरलेली जागा मोकळी सोडली तर तो वाफ्यांत जाण्याचें कारण कमी होतें. कणगींतील उंदीर मांजर राखतें आणि खळ्यावर रात्रीं कुत्रा राखतो. त्यांस हांकलून देणें हा आपला हेतु नाहीं, त्यांस वाफ्यापुरतें दूर ठेवणें एवढाच आहे.

शेताच्या मोठ्या हद्दीसाठीं तर निवडुंग, घायपात, सागरगोटा, चिलार यांसारख्या कांटेरी झाडांचें दाट कुंपणच हवें. त्यास वेळ लागतो, छाटणी लागते, आणि पडलेलीं भगदाडें दरसाल बुजवावीं लागतात. पण एकदां तें अंगानें उभें राहिलें कीं वारा कोणत्याही दिशेचा असो, तें अडवितें.

एका उपायाविरुद्ध मात्र आम्ही स्पष्ट इशारा देतों. कित्येक लोक वैतागून वाफ्यांत डांबराच्या गोळ्या टाकतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे विष घातलेलें खाद्य ठेवतात. डांबराची गोळी चाटलेलें मांजर किंवा कुत्रा त्यानें आजारी पडतो, आणि खेळतें मूलही ती गोळी तोंडांत घालूं शकतें. विष घालणें तर प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, रात्रीं राखण करणाऱ्या जनावरास पेंढीभर रोपांसाठीं मारणें हा शेतकऱ्याचा धर्म नव्हे.

शेवटचा विचार

हें झाड आणूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. फुलांसाठीं, हौसेसाठीं, परीक्षेसाठीं एक रोप अवश्य लावावें. मात्र तरवाचें रक्षण त्याच्यावर सोंपवूं नये, आणि फांट्यांचा व कुंपणाचा खर्च वांचेल या आशेनें त्याचीं शेंकडों रोपें विकत घेऊं नयेत.

या झाडाच्याच घराण्यांतील मैनमुळाची हकीकत येथें आठवते. तें मूळ लोक पिढ्यान् पिढ्या लोणच्यासाठीं व औषधासाठीं वापरीत आले होते. १९७० ते १९८० च्या दरम्यान मुंबईंतील संशोधकांनीं रक्तदाब उतरविणाऱ्या वनस्पतींचा शोध घेतांना त्याच्या मुळांतील द्रव्य वेगळें केलें. तेंच फोर्स्कोलिन या नांवानें पुढें जगभरच्या प्रयोगशाळांत गेलें. त्या मुळाची योग्यता त्याच्या कीर्तीनें ठरली नाहीं. कोणीतरी तें कापून, वाटून, तोलून, पुन्हां पुन्हां तपासून पाहिलें म्हणून ठरली. कुत्रीं पळविणाऱ्या झाडाची योग्यताही तशीच ठरावयास हवी. प्रयोगशाळा आपल्याजवळ नसेल. पण तीन वाफे, चाळलेली माती आणि एक वही हें साहित्य प्रत्येकाच्या घरीं आहे. जो शेतकरी पैसे मोजण्यापूर्वीं ठसे मोजील, त्यास वासाचें कुंपण विकावयास आलेला मनुष्य सहसा फसवूं शकणार नाहीं.